अकरा नंबरचं औषध

१

सात नंबरच्या कुपीचं लेबल डॉक्टर तनुजांच्या बोटाला चिकटून निघून आलं, आणि त्याच दुपारी यासेरला घरी बसायला सांगितलं गेलं.

बानो सिस्टरना हे दुसऱ्या दिवशी कळलं. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांची एक ख्याती होती. वॉर्डातून थर्मामीटर जरी गायब झाला तरी त्या कुणावर आवाज चढवत नसत. एकेकाला चहाला बोलवत. तिसऱ्या चहापर्यंत थर्मामीटर जागेवर येऊन बसलेला असे. तनुजा शिकाऊ डॉक्टर असताना सलाईन लावायला त्यांच्याच हाताखाली शिकली होती. आज तिचं स्वतःचं क्लिनिक होतं, पण सिस्टर दारात दिसल्या तशी ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

"बस बेटा," सिस्टर म्हणाल्या. "आधी मला हे औषध समजावून सांग. मी जुनी बाई. आमच्या वेळी पोट कमी करायला उपास सांगायचे."

तनुजा हसली, पण तोंडदेखलं. "पोटावरची चरबी दोन तऱ्हेची असते, सिस्टर. चिमटीत येते ती वरची. ती दिसायला वाईट, पण स्वभावानं गरीब. आत यकृताभोवती, आतड्यांभोवती बसते ती खरी घातक. हृदयाचं दुखणं तिच्यामागून येतं. हे इंजेक्शन पेप्टाइडचं आहे, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा. शरीर वाढीचा जो रस स्वतःच बनवतं, तो थोडा जास्त सोड असं हा तुकडा शरीराला सांगतो. त्यानं आतली चरबी उतरते. म्हातारपण कुणाचं चुकत नाही, पण ते धडधाकट जातं का, एवढंच आम्ही बघतोय."

चोवीस माणसं होती, सहा महिन्यांचा अभ्यास. रोज एक टोचणी, घरच्या घरी, कुपीतली भुकटी पाण्यात विरघळवून पोटाच्या कातडीत. बारा जणांना खरं औषध आणि बारा जणांना दिसायला अगदी तशीच, पण साधी भुकटी. कुणाला काय मिळतं ते ना रोग्याला ठाऊक, ना डॉक्टरला. बाहेरच्या माणसानं चोवीस पाकिटं मोहोर लावून दिली होती आणि ती कपाटात बंद होती. एखाद्याच्या तब्येतीला धोका दिसला तरच त्याचं पाकीट फोडायचं.

"सात नंबरचं फोडावं लागलं," तनुजा म्हणाली. "सुरुवातीला उपाशीपोटीची साखर अठ्ठ्याण्णव होती. आता चौथा महिना संपला आणि एकशे अडुसष्ट. हे औषध साखर वाढवू शकतं, म्हणून पाकीट बघितलं. आत लिहिलंय, साधं."

"मग?"

"मग मी समजले, हा त्यांचा स्वतःचाच मधुमेह. साखरेची गोळी लिहून देणार होते आणि टोचणी तशीच चालू ठेवणार होते. सहज त्यांची परत आलेली रिकामी कुपी हातात घेतली, तर लेबल सुटून आलं. आमचं लेबल सुटत नाही, सिस्टर. कुणीतरी काढून परत चिकटवलंय. कंबर बघितली तर पाच सेंटीमीटर उतरलेली. साध्या भुकटीनं?"

औषधाची खोली यासेरच्या ताब्यात. कुप्या द्यायच्या त्यानं, रिकाम्या परत घ्यायच्या त्यानं. अभ्यास चालवणाऱ्या संस्थेच्या माणसांनी दोन अधिक दोन चार केले होते, यासेर खरं औषध बाहेर विकतो. शुक्रवारी संस्थेची समिती बसणार होती, आणि तिच्यापुढे एकदा यासेरचं नाव गेलं की औषध विकायचा त्याचा परवाना गेलाच समजायचं.

"आज मंगळवार," सिस्टर म्हणाल्या. "पहिल्या महिन्यापासूनच्या रिकाम्या कुप्या ठेवल्यात ना? सगळ्या काढ. आणि एक परात कोमट पाणी आण."

२

चारशेला सोळा कमी, एवढ्या कुप्या होत्या. एकेका माणसाच्या, एकेका महिन्याच्या चार. सिस्टर एका नंबरच्या कुप्या परातीत सोडत, घड्याळाकडे बघत, मग अंगठ्यानं लेबल ढकलून बघत. लेबल हलत नसे. त्या कुप्या पुसून ओळीत ठेवत आणि पुढच्या घेत. तनुजा रोगी तपासून मधूनमधून डोकावून जाई. तिला वाटे, बाई उगीच वेळ काढून राहिल्यात.

दुपारी अडीच वाजता सिस्टरनी तिला आत बोलावलं. टेबलावर दोन वेगळे गठ्ठे होते.

"सात नंबरच्या पहिल्या महिन्याच्या चारी कुप्यांची लेबलं पक्की आहेत. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या महिन्याच्या बारा कुप्यांची पाण्यात टाकल्याबरोबर सुटली. आता हा दुसरा गठ्ठा बघ. ह्याचंही तसंच. पहिला महिना पक्का, पुढचे तीन सुटले. बाकीच्या बावीस माणसांच्या एकाही कुपीला धक्का नाही."

तनुजानं दुसऱ्या गठ्ठ्यावरचा नंबर वाचला. अकरा.

"आणि हे चिकटवलंय कशानं, ते बघ." सिस्टरनी तिचं बोट धरून लेबलाच्या मागच्या बुळबुळीत थरावर टेकवलं. "हा दुकानातला गोंद नाही. तुझ्या औषधाच्या खोलीत चिकटपट्टी आहे, गोंदाची नळी आहे, ते मी बघून आले. हा बाभळीचा डिंक आहे, पाण्यात भिजवलेला. बाळंतिणीच्या लाडवात घालतात तो."

"यासेरच्या घरीही असेल."

"असेल की. म्हणून तर अजून एक काम आहे." सिस्टरनी चष्मा पुसला. "अकरा नंबरचं पाकीट फोड."

तनुजा थबकली. तब्येतीचं कारण नसताना पाकीट फोडलं तर तो माणूस अभ्यासातून बाद. पण कुप्यांची अदलाबदल झाली असेल तर तो तसाही बादच होता. तिनं कपाट उघडलं, मोहोर तोडली, कागद वाचला आणि तो सिस्टरपुढे धरला.

खरं.

"म्हणजे अकराचं औषध सातच्या पोटात गेलं आणि सातची भुकटी अकराच्या," सिस्टर सावकाश म्हणाल्या. "आता मला सांग बेटा, चोर सोनं चोरून शेजाऱ्याच्या तिजोरीत नेऊन ठेवतो का? यासेरला विकायचं असतं तर खरं औषध बाहेर गेलं असतं. इथं तर थेंबही बाहेर गेला नाही. हे कुणी चोरलेलंच नाही. कुणीतरी कुणाला तरी दिलंय."

३

यासेरचं घर इतवाऱ्यात होतं, सिस्टरच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. तीस वर्षांचा, सरळ भांग पाडणारा माणूस. तो पलंगाच्या कडेला बसला होता आणि त्याच्या पुढ्यातला चहा गार झाला होता.

"आपा, लहानपणी तुम्हीच मला सुई टोचलीय," तो म्हणाला. "मी असं करीन?"

"करशील का ते मी विचारायला आले नाही. सात नंबरच्या कुप्या कोण घेऊन जातं, ते सांग."

"त्यांच्या घरच्या काकू. काका आत सोनोग्राफीला, रक्ताला असतात. चार तास जातात त्यात. काकू साडेनऊलाच खिडकीवर येतात, बर्फाच्या पिशवीत कुप्या घेतात, सही करतात."

"आणि अकरा?"

यासेरनं थोडा विचार केला. "ते स्वतः येतात. त्यांचा वार मंगळवार आहे, पण दुसऱ्या महिन्यापासून सोमवारी यायला लागले. म्हणाले, कॉलेजातून सोमवारी निघणं सोपं जातं. औषध घेतात आणि जातात. तपासणीला मात्र मंगळवारीच येतात."

"म्हणजे एका कामाला दोन दिवस खेटे? आणि तरी सोपं जातं?"

यासेरनं चहाचा कप बाजूला सारला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सात नंबरचा वार कोणता?"

"सोमवार," तो म्हणाला, आणि पलंगावरून उठून उभा राहिला.

क्लिनिकमध्ये परतल्यावर सिस्टरनी सत्यमला गाठलं. रोग्यांच्या कमरा मोजायचं आणि त्यांना व्यायाम शिकवायचं काम त्याच्याकडे होतं. त्याची स्वतःची व्यायामशाळाही होती, आणि संस्थेच्या संशयितांच्या यादीत यासेरनंतर त्याचंच नाव होतं. सिस्टरनी चहा मागवला. पहिला घोट घ्यायच्या आतच सत्यम बोलून मोकळा झाला.

"सिस्टर, खरं सांगतो. एकदा मी यासेरभाईला विचारलं होतं, एक कुपी मिळंल का म्हणून. माझ्याकडची पोरं लई मागं लागली होती. त्यानं मला असं झापलं की परत तोंड उघडलं न्हाई. बास, एवढंच."

"ठीक आहे. आता सातबद्दल आणि अकराबद्दल सांग. तू त्यांचे हात बघतोस, पोट बघतोस. काय दिसलं?"

"सात नंबरचे काका मूठ आवळायला कुरकुरतात. बोटांत मुंग्या येतात म्हणतात. पण हे नंतर सुरू झालं. पहिल्या महिन्यात म्हणायचे, पाणीच टोचून राहिलो की काय. अकराचं उलटं. पहिल्याच महिन्यात त्यांची बोटं सुजली, अंगठी रुतली. साबण लावून मीच काढून दिली. पुढच्या महिन्यात बघतो तर अंगठी परत बोटात, सैल."

सिस्टरनी मान डोलावली. औषधाबरोबर जो माहितीचा कागद देतात, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की खऱ्या औषधानं काहींची बोटं सुजतात. तेव्हा मोहोर लावलेलं पाकीट न फोडताच अकरा नंबरला कळलं होतं की आपल्याला खरं मिळतंय. हे यासेरला कळायला मार्ग नव्हता. सत्यमला अंगठी माहीत होती, पण कुप्यांना त्याचा हात लागत नव्हता. उरले ते दोघेच, सात आणि अकरा.

"ह्यांची नावं काय?" त्यांनी तनुजाला विचारलं.

"सात म्हणजे श्रीमंत बिराजदार. शिरूर अनंतपाळ तालुक्यात शेती आहे. अकरा म्हणजे मल्लिनाथ बिराजदार. विष्णुपुरीला राहतात, इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकवतात. नात्याचं माझ्या मनात आलं नाही, सिस्टर. चोवीसांत बिराजदार चार आहेत. लातूरकडं दगड भिरकावला तर तो बिराजदारालाच लागतो."

सिस्टरनी दोघांचे भरती होतानाचे कागद शेजारी शेजारी ठेवले. वडिलांचं नाव दोघांचंही गुरुबसप्पा. वडील कशानं गेले? हृदयाच्या झटक्यानं, वय छप्पन्न. दोन्ही कागदांवर तेच.

खालच्या ओळीत विचारलं होतं, भावंडं किती. मल्लिनाथनं लिहिलं होतं, मोठा भाऊ एक. श्रीमंतनं लिहिलं होतं, कोणी नाही.

४

बुधवारी सकाळी सिस्टर एसटीनं अहमदपूरपर्यंत गेल्या आणि तिथून दुसऱ्या गाडीनं गावी पोचल्या. श्रीमंत ओसरीवर पेपर वाचत बसले होते. उंच, रुंद हाडाचा, साठीच्या जवळपासचा माणूस. सदरा पोटावर आता ढिला पडला होता.

"डॉक्टरबाईंनी पाठवलं का?" त्यांनी विचारलं. "बसा. साखरेचं काय निघालं?"

"तेच बघून राहिलोय. टोचणी बंद ठेवली ना तुम्ही?"

"डॉक्टरबाईंचा फोन आला तसं कालपासून बंद हाय. पण एक सांगतो, औषध झ्याक हाय. शेताच्या बांधावर चढताना धाप लागायची, ती गेली. नुसती ही बोटं तेवढी त्रास देतात."

"घरी आणखी कोण कोण असतं?"

"आमी दोघंच. पोरगी उदगीरला दिलीय."

"भाऊबंद?"

श्रीमंतांनी पेपराची घडी घातली, ती पुन्हा उलगडली. "न्हाईत कुणी," ते म्हणाले, आणि आतल्या अंगाला हाक दिली, "अवं, चहा टाक."

सिस्टर चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेल्या. केवळाबाई चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. ठेंगणी, कामसू बाई. क्लिनिकमधून कुणी आलंय म्हटल्यावर त्यांचा हात साखरेच्या डब्यावरच थांबला होता.

"केवळाबाई, जरासा डिंक मिळंल का?" सिस्टर सहज म्हणाल्या. "नातसुनेसाठी लाडू करायचेत."

केवळाबाई वळल्या. त्या सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि मग पाटावर खाली बसल्या.

"त्यास्नी सांगू नका, बाई," त्या पुटपुटल्या. "माझ्या गळ्याची आण."

"आधी मला तर सांगा."

त्यांनी पदरानं तोंड झाकूनच सांगितलं. क्लिनिकची माहिती दिरानंच कळवली होती. फोन केवळाबाईंच्या मोबाईलवर, श्रीमंत शेतात असताना. बाप छप्पन्नाव्या वर्षी गेला, आता अण्णाचंही पोट तसंच पुढं आलंय, त्याला घेऊन ये वहिनी, पण माझं नाव काढू नको. त्यांनी नवऱ्याला आणलं. पहिल्या महिन्यानंतर मल्लिनाथचा फोन आला. माझी बोटं सुजलीत, म्हणजे मला खरं हाय. अण्णाला काय होतंय? त्यांनी सांगितलं, काहीच न्हाई, पाणी टोचल्यासारखं.

"मग सोमवारी त्ये आत तपासाला गेले की आमी दोघं बाहेर लिंबाखाली बसायचो. थंड कुप्यांचा गोंद टणक झालेला असतो बगा. मग ब्लेडचं पातं सारलं की कागद हळूच निघतो. म्या घरून डबीत डिंक भिजवून न्यायची. ह्यांचा कागद त्याच्या कुपीला, त्याचा ह्यांच्या कुपीला. अर्ध्या तासाचं काम." त्यांनी पदर खाली घेतला. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर लाज नव्हती. "चोरी न्हाई केली, बाई. त्याचंच औषध त्यानं दिलं. आन् बगा की, कसं पोट उतरलं!"

चुलीवर चहा उतू चालला होता. त्यांनी पातेलं खाली उतरवलं.

"केवळाबाई, त्यांची साखर त्याच औषधानं वाढलीय."

केवळाबाईंचा हात छातीवर गेला.

"कुणाला ते सोसतं, कुणाला नाही. सोसत नसेल तर डॉक्टर थांबवतो, आणि तेवढ्यासाठीच कुणाच्या अंगात काय जातंय ते त्याला ठाऊक असावं लागतं. तुमच्या लेबलानं डॉक्टरला खोटं सांगितलं. परवा ती ह्यांना साखरेची गोळी देऊन टोचणी तशीच चालू ठेवणार होती. साखर चढतच गेली असती आणि कशानं चढतेय ते कुणालाच कळलं नसतं."

"म्या..." केवळाबाईंनी आपले हात उलटे करून बघितले. "म्या माझ्या हातानं..."

"थांबवलंय ना आता. डॉक्टर म्हणते, साखर उतरेल. पण तिकडं एका माणसाची नोकरी गेलीय. चोर म्हणून बोट दाखवतात त्याच्याकडं. त्यानं तुमच्या कुपीला हातही लावला नाही. त्याचं काय करायचं, ते तुम्ही सांगा."

केवळाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग उठल्या, चहा गाळला आणि म्हणाल्या, "शुक्रवारी येते म्या. ह्यास्नी घेऊनच येते."

५

गुरुवारी सिस्टर विष्णुपुरीला गेल्या. मल्लिनाथच्या घराच्या गच्चीवरून धरणाचं पाणी दिसत होतं. बायको माहेरी गेली होती. तो एकटाच होता, भावाच्याच हाडापेराचा, चार वर्षांनी लहान. सिस्टरनी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "वहिनीचा फोन आला होता. अण्णा बरा हाय ना?"

"बरा आहे. तुम्ही शिकले-सवरलेले आहात. तुम्हाला एवढं कळू नये?"

तो कठड्याला टेकून उभा राहिला. "कळत होतं. कळत न्हाई असं कसं म्हणू? पोरांना रोज सांगतो, मशीनवरची पाटी बदलायची न्हाई म्हणून."

"नऊ वर्षं बोलत नाही तुम्ही. केवळाबाई म्हणाल्या."

"तो बोलत न्हाई," मल्लिनाथ म्हणाला. "माझ्याशी त्यानं बोलू नये असंच म्या केलंय."

मग त्यानं सांगितलं. त्यांची आई, अव्वा म्हणायचे तिला, नांदेडला दवाखान्यात होती. मल्लिनाथ म्हणत होता, आठ दिवस ठेवू, डॉक्टर अजून आशा सांगतात. अव्वा म्हणत होती, मला माझ्या घरी न्या. श्रीमंतनं तिचं ऐकलं आणि गाडी केली. अव्वा वाटेतच गेली, लोह्याच्या पुढं. मातीच्या वेळी सारं गाव जमलं होतं.

"आन् म्या सगळ्यांसमोर त्याला म्हणलो, तू अव्वाला मारलंस. खुनी हायेस तू. चारशे माणूस असंल तिथं. तो काही बोलला न्हाई. माती झाल्यावर घरी आला आन् मला म्हणाला, माझा भाऊ अव्वाबरोबर गेला." त्यानं कठड्यावरची धूळ हातानं झाडली. "म्या चुकलो होतो. दोन वर्षांनी कळलं. तिला घरीच जायचं होतं, आन् तेवढं ऐकणारा तो एकटाच होता. पण आता जाऊन सांगू कुणाला? तो दारातसुद्धा उभं करून घेत न्हाई."

"म्हणून औषध?"

"नऊ वर्षं त्याच्या हातात द्यावं असं माझ्याकडं काहीच नव्हतं, सिस्टर. हे एक निघालं. ते बी चोरून द्यावं लागलं."

सिस्टर त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पस्तीस वर्षांत खाटांच्या कडेला किती भाऊ उभे राहिलेले बघितले होते, किती बहिणी.

"आईच्या वेळी तुम्ही तिला न विचारता तिचं भलं ठरवत होता," त्या म्हणाल्या. "भावाच्या वेळी पुन्हा तेच केलंत. भलं करायचं तर माणसाला विचारून करावं, बेटा."

मल्लिनाथनं मान खाली घातली. धरणाच्या बाजूनं वारा आला. त्यानं विचारलं, "तो कुप्या देणारा माणूस, त्याला पोलिसात द्यायला निघालेत का?"

"शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

"म्या येतो. लिहून देतो. पण अण्णासमोर उभं राहायचं मात्र मला न्हाई जमायचं."

६

शुक्रवारी अकरा वाजता तनुजाच्या खोलीत समितीची तीन माणसं बसली होती. मल्लिनाथचा जबाब टेबलावर होता. तो स्वतः सकाळी नऊलाच येऊन सही करून बाहेर गेला होता.

सिस्टरनी सगळं शांतपणे मांडलं. परातीतल्या लेबलांपासून सुरुवात केली आणि डिंक, अंगठी, मंगळवारचा झालेला सोमवार असं करत वडिलांच्या नावापर्यंत आल्या. समितीतल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी शेवटी फक्त एवढंच विचारलं, "हे सगळं एका परातीतल्या पाण्यानं कळलं?"

"पाण्यानं नंबर कळले, साहेब. माणसं विचारल्यावर कळली."

सात आणि अकरा दोघेही अभ्यासातून बाद झाले. श्रीमंतांच्या साखरेवर पुढचे तीन महिने लक्ष ठेवायचं ठरलं. अभ्यास थांबला नाही. पुढच्या महिन्यापासून कुप्या रोग्याच्याच हातात द्यायच्या असा नियम झाला. तनुजा स्वतः गाडी घेऊन इतवाऱ्यात गेली आणि यासेरच्या आईसमोर त्याची माफी मागून त्याला घेऊन आली. तो खिडकीवर बसला, पण त्या दिवशी तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. तिनंही ते मुकाट्यानं सोसलं.

राहिलं एकच काम, श्रीमंतांना सांगायचं. ते केवळाबाईंनी करायचं ठरलं होतं, पण त्या नुसत्या पदराचं टोक पिळत बसल्या. तेव्हा सिस्टरनीच सांगितलं, तनुजाच्या खोलीत, दार लावून.

श्रीमंत ऐकताना एकदाही हलले नाहीत. बायकोकडे बघितलं नाही, सिस्टरकडेही नाही. सांगून संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे तीन महिने म्या त्याचं औषध टोचून घेतलं?"

"हाव."

"आन् त्यानं माझं पाणी."

"हाव."

"त्याची तब्येत कशी हाय?"

सिस्टरनी तनुजाकडे बघितलं. तनुजानं कागद उलटला. "पहिल्या महिन्यात कंबर दोन सेंटीमीटर उतरली होती. आता परत होती तिथं आलीय. रक्तदाब थोडा जास्त आहे."

केवळाबाई रडत होत्या, आवाज न करता. बाहेर यासेर कुणाचा तरी नंबर पुकारत होता.

"तुमी हे पयलंच सांगायला पायजे होतं," ते बायकोला म्हणाले. एरवी ते तिला कधीच अहो-जाहो करत नसत. मग ते उठले. त्यांनी चपला घातल्या आणि दार उघडलं.

आवारात लिंबाखाली मल्लिनाथ आपल्या जुन्या गाडीला टेकून उभा होता. जायला हवं होतं, पण पाय निघाला नव्हता. भाऊ पायऱ्या उतरताना दिसला तसा तो सरळ उभा राहिला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

बानो सिस्टर दारातच थांबल्या. केवळाबाईंचा दंड त्यांनी धरून ठेवला होता.

श्रीमंत सावकाश चालत गेले आणि दोन पावलांवर थांबले. त्यांनी भावाला वरून खालपर्यंत न्याहाळलं. नऊ वर्षांत केस गेले होते, पोट आलं होतं, आणि तो बापासारखा दिसायला लागला होता.

"गाडी तुझी?" त्यांनी विचारलं.

"हाव, अण्णा."

"पेट्रोल हाय का?"

"हाय."

"मग गावापर्यंत सोड आमाला. तुझ्या वहिनीला एसटी लागती."

मल्लिनाथनं घाईघाईनं मागचं दार उघडलं. केवळाबाई येऊन बसल्या. श्रीमंतांनी तेच दार बाहेरून लावून घेतलं, गाडीला वळसा घातला आणि पुढच्या सीटवर भावाच्या शेजारी जाऊन बसले.